उरलेल्या चार कॅप्सुला आणि फ्लेमिंग

गेल्या पावसाळ्यात माझी उजवीकडची खालची दाढ काढावी लागली. आमच्या रत्नागिरीत दाढ दुखू लागली की माणूस आधी लवंग धरतो, मग लवंगेचं तेल, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले, आणि अगदीच नाइलाज झाला म्हणजे दंतवैद्य. मीही याच क्रमाने तिथवर पोचलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी दिवा लावण्याआधी मला दोन गोष्टी विचारल्या. हृदयाच्या झडपेचा काही त्रास आहे का, आणि गेल्या काही महिन्यांत कोणती अँटिबायोटिक घेतली होती का.

पहिल्या प्रश्नाला मी लगेच नाही म्हणालो. दुसऱ्याला मात्र चाचरलो. दाढ ठणकू लागली त्याच रात्री मी कपाटाचा खण उपसून, मागच्या वर्षीच्या खोकल्यातून उरलेल्या चार कॅप्सुला शोधून काढल्या होत्या आणि दोन दिवसांत संपवल्या होत्या. जन्म बँकेत गेलेला. शिल्लक राहिलेली गोष्ट वाया जाऊ द्यायची नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. बाईंनी काही बोल लावला नाही, कागदावर नोंद केली. पण ते दोन प्रश्न ऐकले आणि मी खुर्चीत बसल्याबसल्याच १९७४ सालात जाऊन पोचलो.

आमची आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लहानपणी तिचा घसा सारखा धरायचा. एकदा त्यातूनच ताप आला, गुडघे आणि घोटे सुजले, आणि तो ताप जाताना तिच्या हृदयाची एक झडप खराब करून गेला. त्यासाठी तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. ते कधी घेतलं जायचं, कधी पावसामुळे नाहीतर पैशांमुळे राहायचं. बाविसाव्या वर्षी तिने दाढ काढून घेतली. झडपेचं कुणी विचारलं नाही आणि आम्ही कुणी सांगितलं नाही. दाताचा आणि हृदयाचा संबंध काय, असंच तेव्हा वाटायचं. दोनेक आठवड्यांनी तिला बारीक ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. मला दुकानावर पिटाळलं जायचं आणि मी दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन यायचो. ताप उतरला की गोळ्या बंद, चढला की पुन्हा दुसऱ्या कुठल्या तरी. शेवटी एस.टी.ने रात्रभराचा प्रवास करून तिला मुंबईला नेलं. तिथे कळलं, की तोंडातले जंतू रक्तात शिरून त्या खराब झडपेवर बसले आहेत आणि नेहमीच्या पेनिसिलीनला ते दाद देत नाहीत. आक्का परत आली नाही.

दाढ काढल्यावर दोन दिवस तोंड मिटून घरात बसायचं होतं. त्या दोन दिवसांत मी अलेक्झांडर फ्लेमिंग यांचं आयुष्य वाचून काढलं. पेनिसिलीन शोधणारा माणूस, काचेची तबकडी, बुरशी, एवढं आपण सगळे शाळेतच शिकतो. पण या माणसाचा तोंडातल्या जंतूंशी किती जवळचा संबंध होता, आणि आक्काच्या बाबतीत जे घडलं त्याच्या किती जवळचं काही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, हे मला माझ्या साठीनंतर कळलं.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा, स्कॉटलंडमधल्या एअरशायर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर. घर शेतकऱ्याचं. वडिलांचं हे दुसरं लग्न आणि तेही उतारवयातलं. अलेक सात वर्षांचा असताना ते वारले. शाळेसाठी माळरानातून मैलोगणती चालायचं, ओढ्यातले मासे हातांनी धरायचे, पक्ष्यांची घरटी हेरायची, असं बालपण. आजूबाजूचं बारकाईनं बघायची सवय या पायपिटीत लागली, असं ते पुढे मानत.

तेराव्या-चौदाव्या वर्षी ते लंडनला, डोळ्यांचा डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडे आले. थोडं शिक्षण झालं आणि एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटले. तिथे चार वर्षं त्यांनी खतावण्या लिहिल्या. हे वाचताना मला जरा आपलेपणा वाटला, हे कबूल करतो. खतावणीतून सुटका झाली ती एका काकांच्या मृत्युपत्रामुळे. वाट्याला २५० पौंड आले आणि डॉक्टर भावाने वैद्यकी शिकायचा सल्ला दिला. लंडनमध्ये तेव्हा बारा वैद्यकीय शाळा होत्या. फ्लेमिंग यांनी सेंट मेरीज निवडली, कारण तिच्या संघाविरुद्ध ते पाण्यातला पोलो खेळले होते. १९०६ मध्ये ते डॉक्टर झाले. शल्यचिकित्सक व्हायचं मनात होतं, पण ते उत्तम नेमबाज होते आणि इस्पितळाच्या रायफल क्लबाला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून त्यांना सर आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळवून देण्यात आली. तिथे ते गेले आणि जन्मभर तिथेच राहिले. माणसाचं आयुष्य कशाकशावर वळण घेतं पाहा.

बुटके, निळ्या डोळ्यांचे आणि फार कमी बोलणारे. पण गंमतीची आवड मोठी. निरनिराळ्या रंगांचे जंतू तबकडीवर वाढवून ते त्यांची चित्रं काढत. आज रेघ ओढायची आणि उद्या रंग उमटायचा, अशी ही चित्रकला.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये बुलोनच्या लष्करी प्रयोगशाळेत होते. जखमी सैनिकांच्या जखमा जहाल जंतुनाशकांनी धुतल्या जात आणि तरीही त्या सडत. फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीला टोकं काढून खोल, वाकड्यातिकड्या जखमेचा नमुना बनवला. औषध कोपऱ्याकोपऱ्यांतल्या जंतूंपर्यंत पोचतच नाही, मात्र शरीराच्या पांढऱ्या पेशी आधी मारून टाकतं, हे त्यांनी त्यावर दाखवलं. औषध कमी पडलं की शत्रू शिल्लक राहतो, हा धडा त्यांनी तिथे गिरवला.

१९२१ मध्ये त्यांना सर्दी झाली होती. नाकातला शेंबूड तबकडीवर घालून पाहिला, तर त्याच्या आसपासचे जंतू विरघळून गेले. अश्रूंमध्ये, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्यातही हाच गुण सापडला. अश्रू मिळवण्यासाठी प्रयोगशाळेतली मंडळी डोळ्यांत लिंबू पिळून घेत. या पदार्थाला लायसोझाइम हे नाव मिळालं. आपल्या तोंडात निसर्गाने राखणदार नेमलेला आहे, हे प्रथम दिसलं ते असं. पण अट्टल जंतूंपुढे त्याचं फारसं चालत नव्हतं.

मग ३ सप्टेंबर १९२८. फ्लेमिंग सुट्टीवरून परतले होते. जाताना न धुता ठेवलेल्या तबकड्या चाळताना एकीवर बुरशी उगवलेली दिसली आणि तिच्याभोवतालचे स्टॅफिलोकोकस जंतू नाहीसे झालेले. एखाद्याने तबकडी मोरीत टाकली असती. त्यांनी ती जपली, बुरशीचा रस काढला आणि मार्च १९२९ मध्ये त्याला पेनिसिलीन असं नाव दिलं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. पुढची मला ठाऊक नव्हती. तो रस टिकत नसे आणि शुद्धही होत नसे. म्हणून फ्लेमिंग यांनी प्रयोगशाळेत त्याचा वेगळाच उपयोग सुरू केला. सगळेच जंतू पेनिसिलीनने मरत नाहीत हे त्यांनी पाहिलं होतं. तबकडीत पेनिसिलीन घातलं की तोंडातले नेहमीचे स्ट्रेप्टोकोकस जंतू दबून जात आणि ज्यांना पेनिसिलीनचा धक्का लागत नाही, ते ऐसपैस वाढत. १९३० मध्ये मॅक्लिन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी निबंध लिहिला. धडधाकट माणसांच्या तोंडात इन्फ्लुएन्झा बॅसिलस नावाचे जंतू राहतात, हे त्यांनी याच युक्तीने दाखवलं. शेतात तण काढल्यावर मागे काय उगवतं, तसंच हे. औषधाने काही मरतात आणि मोकळी झालेली जागा न मरणारे घेतात, हे त्यांनी औषध औषध होण्याआधीच माणसाच्या तोंडातल्या जंतूंवर पाहिलं होतं.

याच सुमारास दाताचा आणि हृदयाचा संबंधही उजेडात येत होता. दाताच्या मुळाभोवती हिरडीच्या खाचेत जंतूंची दाट वस्ती असते. दाढ उपटली की बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि जंतू रक्तात शिरतात. १९३५ मध्ये ओकेल आणि इलियट या ब्रिटिश संशोधकांनी दात काढल्यानंतर लगेच रक्त तपासलं, तर सुमारे साठ टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले. निरोगी माणसाचं शरीर त्यांचा काही मिनिटांत फडशा पाडतं. पण झडप खरखरीत झालेली असेल तर जंतू तिथे चिकटतात, रक्ताच्या गुठळीचं पांघरूण घेतात आणि पांढऱ्या पेशींना आत शिरू देत नाहीत. या दुखण्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. पेनिसिलीनच्या आधी ते झालं की माणूस बहुधा वाचत नसे. थोर संगीतकार गुस्टाव्ह मालर १९११ मध्ये पन्नाशीत गेले ते याच जातीच्या जंतूंमुळे. झडप त्यांचीही आधीपासून अधू होती.

पेनिसिलीनचं औषध झालं ते ऑक्सफर्डमध्ये. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते शुद्ध केलं आणि मे १९४० मध्ये उंदरांवर वापरलं. त्यांचा निबंध वाचून फ्लेमिंग पाहायला गेले, तेव्हा चेन चकित झाले, कारण त्यांची समजूत हे गृहस्थ कधीच वारले अशी होती! फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिस शिपायाला औषध दिलं. तो सुधारू लागला, पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून देण्यापर्यंत खटपट झाली. तरी पुरलं नाही आणि तो महिन्याभरात गेला. औषध अर्धवट पडलं तर काय होतं, याचा दाखला असा अगदी पहिल्याच रोग्याने दिला. त्याआधी ऑक्टोबर १९४० मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर मार्टिन हेन्री डॉसन यांनी घरच्या घरी बनवलेलं कच्चं पेनिसिलीन एंडोकार्डायटिसच्या रोग्याला टोचलं होतं. डॉसन स्वतः असाध्य स्नायुरोगाने ग्रासलेले होते. पुढे या रोगाचे रोगी बरे होऊ लागले, पण त्यासाठी मोठा डोस आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो, हेही कळलं. १९४२ मध्ये फ्लेमिंग यांनी स्वतः मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या एका मरणोन्मुख रोग्याला पेनिसिलीन देऊन वाचवलं. आपल्या बुरशीचा गुण त्यांनी डोळ्यांनी पाहिला, तो चौदा वर्षांनी.

मग मानसन्मानांचा पूर आला. १९४४ मध्ये सर ही पदवी, १९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्यासह नोबेल. अशा वेळी माणूस कौतुकाचे चार शब्द बोलून खाली बसतो. फ्लेमिंग यांनी ११ डिसेंबर १९४५ च्या नोबेल व्याख्यानाच्या शेवटी एक लहानशी गोष्ट रचून सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणतो आणि थोडंसंच घेतो. घशातले स्ट्रेप्टोकोकस मरत नाहीत, पण पेनिसिलीन पचवायला शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात आणि तिला न्यूमोनिया होतो. तिला पेनिसिलीन देतात, पण त्याचा उपयोग होत नाही आणि ती मरते. या मृत्यूला जबाबदार कोण, असं त्यांनी श्रोत्यांना विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं: तो निष्काळजी नवरा.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणणारा चौदा वर्षांचा मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

लोकांनी मात्र ऐकलं नाही. पेनिसिलीनच्या चघळायच्या गोळ्या निघाल्या, पेनिसिलीन घातलेलं दंतमंजन निघालं. म्हणजे थेंबाथेंबाने सारं तोंडच शिकवणीला बसवलं. १९४८ पर्यंत लंडनच्या एका मोठ्या इस्पितळात सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकसपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलीनला जुमानेनासे झाले होते. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसनी निराळी वाट काढली. पेनिसिलीन जंतूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला धरून ठेवतं. या जंतूंनी तो गवंडीच असा बदलला, की पेनिसिलीनचा हात त्याच्यावरून निसटावा. ही युक्ती ते गुणसूत्राच्या तुकड्यांच्या रूपाने शेजाऱ्यांनाही देतात. न्यूमोनियाच्या जंतूंना ती त्यांच्याचकडून मिळालेली आहे. घशातून न्यूमोनियाकडे जाणारी फ्लेमिंग यांची गोष्ट रचलेली होती, पण फार चुकीची नव्हती.

त्यांची शेवटची वर्षं प्रवासात गेली. पत्नी सारा १९४९ मध्ये वारली. १९५३ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतल्या ग्रीक सहकारी अमालिया यांच्याशी लग्न केलं. पेनिसिलीनचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. बुरशीचे तुकडे काचेत बसवून मात्र ते राजेरजवाड्यांना हौसेने भेट देत. ११ मार्च १९५५ रोजी लंडनच्या राहत्या घरी त्यांचं हृदय बंद पडलं. त्यांचा रक्षाकलश सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये ठेवलेला आहे. माद्रिदच्या बैलझुंजीच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. शिंग लागलेले झुंजार आता जगू लागले म्हणून.

त्याच १९५५ सालात आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागलं. आणि त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रथमच सांगितलं, की झडप खराब असलेल्यांना दात काढण्याआधी पेनिसिलीन द्यावं. ही शिफारस पुढे अनेकदा बदलली. २००७ मध्ये तर तिची व्याप्ती बरीच आखडली. कृत्रिम झडप असलेले, हा रोग एकदा होऊन गेलेले, जन्मतः हृदयात काही विशिष्ट दोष असलेले, अशा जास्तीत जास्त धोक्याच्या लोकांपुरतीच ती ठेवली. त्यातलं एक कारण विचार करण्यासारखं आहे. दात वर्षा-दोन वर्षांनी एखादा काढला जातो, पण हिरड्या सुजलेल्या असतील तर रोज चावताना आणि घासताना जंतू रक्तात जातच असतात. तेव्हा कॅप्सुलपेक्षा स्वच्छ तोंडानेच अधिक रक्षण होतं. कृपा करून यावरून कुणी आपलं औषध आपणच ठरवू नये. ज्यांची झडप अधू आहे त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. जे आक्कासारखं तीन आठवड्यांचं इंजेक्शन घेतात त्यांनी ते मुळीच चुकवू नये, पण दातांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं. कारण त्या इंजेक्शनामुळे तोंडात पेनिसिलीन पचवणारे जंतू असू शकतात आणि अशा रोग्याला दाढ काढण्याआधी निराळ्या जातीचं औषध द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट फ्लेमिंग यांच्या काळानंतर कळली. औषध कमी घेणं वाईट, तसं गरज नसताना घेणंही वाईट. अँटिबायोटिक कुठल्याही दुखण्यासाठी घेतली तरी तोंडातल्या आणि आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंचीही शिकवणी चालूच असते. म्हणून पूर्वीपेक्षा थोड्या दिवसांचा कोर्स आता अनेक दुखण्यांत पुरेसा मानतात. किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगायचं, उतरलेल्या तापाने नव्हे आणि कपाटाच्या खणाने तर नव्हेच. या औषधांची ताकद ही सगळ्यांची मिळून एकच ठेव आहे. एका खात्यातून कुणी उचल केली तर दुसऱ्या कुणाचा चेक परत जातो.

माझी दाढ काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दुखण्याची गोळी लिहून दिली, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि अँटिबायोटिकची तुम्हाला जरूर नाही म्हणाल्या. क्षणभर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. एवढा मोठा दवाखाना आणि औषध काहीच नाही! घरी येऊन आधी कपाटाचा खण पाहिला. आता त्यात चष्म्याच्या काड्या आणि जुनी पासबुकं ठेवली आहेत.

रात्री जेवण झालं की नातवाला घेऊन मी मोरीवर दात घासायला उभा राहतो. तो कंटाळा करतो, मी आग्रह करतो. एवढं का मागे लागता, असं त्याने परवा विचारलं. आक्काआजीची गोष्ट तो थोडा मोठा झाला की सांगेन, म्हटलं.